अश्वविद्या आणि अक्षविद्या

फेब्रुवारीतील पहिला रविवार जवळ आला की मुंबईच्या इंग्रजी दैनिकांना टोप्यांचे वेध लागतात. महालक्ष्मीच्या मैदानावर होणाऱ्या इंडियन डर्बीला कोण कोणती टोपी घालून आले, कोणाचा झगा कोणी बेतला होता, याची रंगीत छायाचित्रे पानभर झळकतात. घोड्याला त्यात एखादा कोपरा मिळतो. ज्या गोष्टीसाठी हा सारा खटाटोप, त्या पैशांच्या उलाढालीला मात्र तेवढीही जागा मिळत नाही. तिची नोंद आतल्या पानावर, बारीक टंकात आणि सामान्य वाचकाला उमगू नये अशा भाषेत होते : विन, प्लेस, क्विनेला, टानाला, ट्रेबल, जॅकपॉट, फाइव्ह टू टू, इव्हन मनी.

ही भाषा समजून घेणे हे सज्जनांचे काम नव्हे, अशी आपल्या मध्यमवर्गीय घरांतील जुनी धारणा आहे. जुगार वाईट, रेस वाईट, विषय संपला. नीतीच्या दृष्टीने ही धारणा निर्दोष आहे. व्यवहाराच्या दृष्टीने मात्र ती दुबळी ठरली आहे. कारण शर्यतीच्या मैदानाची भिंत केव्हाच कोसळली. तिथली परिभाषा आज क्रिकेटच्या समालोचनात ‘फेव्हरिट’ म्हणून ऐकू येते, परदेशी संकेतस्थळांवरून ‘ऑड्स’ म्हणून आपल्या मुलांच्या हातातील मोबाइलवर उतरते आणि निवडणुकीच्या दिवसांत ‘सट्टाबाजाराचा कल’ म्हणून थेट पहिल्या पानावर येऊन बसते. वडिलांना न कळणाऱ्या भाषेत मुलगा पैसे हरतो, तेव्हा ‘जुगार वाईट’ हे तीन अक्षरी आणि तीन अक्षरी अशा दोन शब्दांचे वाक्य त्याच्या कामी येत नाही. शत्रूची भाषा शिकण्यात कसला आला कमीपणा? म्हणून या लेखात ते शब्द तपासायचे आहेत. ते तपासले की एक गोष्ट स्वच्छ दिसते : ही परिभाषा खेळ समजावा म्हणून रचलेली नाही, व्यवहार झाकावा म्हणून रचलेली आहे.

प्रारंभ ‘भाव’ या शब्दापासून करू. भाव म्हणजे भाकीत, हा पहिला आणि सर्वांत महाग पडणारा गैरसमज. बुकीच्या फळ्यावर एखाद्या घोड्यापुढे ‘टू टू वन’ असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ इतकाच की, आपण एक रुपया लावला आणि तो घोडा जिंकला, तर बुकी दोन रुपये देईल व आपला एक परत करील. हाती तीन येतील. ‘फाइव्ह टू टू’ म्हणजे दोनावर पाच. ‘इव्हन मनी’ म्हणजे जितके लावले तितकेच वर. घोडा लोकांचा फारच लाडका असेल तर भाव ‘ऑड्स ऑन’ होतो. म्हणजे शंभर लावावेत तेव्हा जिंकल्यावर वर साठ-सत्तरच मिळणार. ज्या घोड्यावर सर्वाधिक पैसा लागतो त्याचा भाव सर्वांत कमी, आणि त्यालाच ‘फेव्हरिट’ म्हणतात. हे नाव सर्वांत वेगवान घोड्याला नसते, सर्वाधिक पैसा ज्याच्यावर लागला त्याला असते. गर्दीचे मत आणि घोड्याचे पाय या दोन भिन्न वस्तू आहेत.

आता थोडे गणित. मी कला शाखेचा पदवीधर. गणिताशी माझे सख्य बेताचेच. पण ही बेरीज चौथीच्या मुलालाही जमेल. चार घोड्यांची एक शर्यत कल्पू या. पहिल्याचा भाव इव्हन, दुसऱ्याचा टू टू वन, तिसऱ्याचा फोर टू वन, चौथ्याचा नाइन टू वन. लोकांनी पहिल्यावर ३००० रुपये लावले, दुसऱ्यावर २०००, तिसऱ्यावर १२०० आणि चौथ्यावर ६००. बुकीकडे एकूण जमा झाले ६८०० रुपये. आता कोणताही घोडा जिंकू द्या. पहिला जिंकला तर ३००० चे दुप्पट, ६००० द्यायचे. दुसरा जिंकला तर २००० चे तिप्पट, पुन्हा ६०००. तिसरा जिंकला तर १२०० चे पाचपट, ६०००. चौथा जिंकला तर ६०० चे दहापट, ६०००. गल्ल्यात प्रत्येक वेळी ८०० रुपये उरतात. बुकीने घोड्यांकडे एकदाही पाहिले नाही तरी उरतात. शर्यत चालू असताना तो पाठ करून चहा पीत उभा राहिला तरी उरतात.

हे ८०० आले कोठून? प्रत्येक भावामागे जिंकण्याची एक शक्यता दडलेली असते. इव्हन म्हणजे शंभरात पन्नास, टू टू वन म्हणजे शंभरात तेहतीस आणि वर एक तृतीयांश, फोर टू वन म्हणजे वीस, नाइन टू वन म्हणजे दहा. सर्वांची बेरीज करा. ती शंभर नाही, ११३ च्या थोडी वर भरते. जगात घडू शकणाऱ्या सर्व गोष्टींची शक्यता मिळून शंभरच असते. वरचे तेरा हे बुकीच्या धंद्याचे भांडवल. फळ्यावर घोड्यांची नावे असतात, जॉकींची असतात, भाव असतो. ही बेरीज तेवढी नसते.

प्रत्यक्षात पैसा इतक्या आखीवपणे येत नाही. म्हणून तर शर्यत सुटेपर्यंत भाव हलत राहतो. ज्या घोड्याकडे लोंढा वळतो त्याचा भाव बुकी उतरवतो, ज्याच्याकडे कोणी फिरकत नाही त्याचा चढवतो, आणि तरीही पारडे एका बाजूला कलले तर जादा बोजा दुसऱ्या बुकीकडे सरकवतो. भाव पडला की ‘आतल्या गोटातून काही कळले असणार’ म्हणून धावत सुटणारे पंटर प्रत्येक मैदानावर असतात. पंटर म्हणजे पैसे लावणारा. सट्ट्याच्या बोलीत पंटर ‘लावतो’ आणि बुकी ‘खातो’. इंग्रजीत या दोन क्रियांना ‘बॅक’ आणि ‘ले’ असे गुळगुळीत शब्द आहेत. आपल्याकडच्या बाजाराने निवडलेला शब्द अधिक प्रामाणिक आहे, हे मान्य केले पाहिजे.

बुकी नको असेल तर टोट आहे. टोट म्हणजे टोटलायझेटर. मूळ कल्पना पॅरिसच्या जोसेफ ऑलेर याची, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली. पुढे १९१३ मध्ये न्यूझीलंडमधील ऑकलंडच्या मैदानावर जॉर्ज ज्युलियस या अभियंत्याने तिकिटांची आपोआप बेरीज करणारे पहिले यंत्र बसवले. या ज्युलियसने ते यंत्र मुळात निवडणुकीतील मते मोजण्यासाठी योजले होते. सरकारने ते नाकारले, तेव्हा ते घोड्यांच्या कामी आले. निवडणुकीचा सट्टा छापणाऱ्या आमच्या व्यवसायबंधूंना हा योगायोग आवडावा.

टोटमध्ये सर्व लावलेला पैसा एका भांड्यात जमा होतो. त्यातून क्लब आपला वाटा काढतो, सरकारचा कर काढला जातो, आणि उरलेली रक्कम विजेत्या तिकिटांवर वाटली जाते. या वाटपाला काय म्हणतात? ‘डिव्हिडंड’. केवढा प्रतिष्ठित शब्द! कंपनीचा लाभांश कारखान्यातून, मालातून, श्रमातून निर्माण झालेल्या नफ्याचा असतो. टोटचा डिव्हिडंड शेजारच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाच्या खिशातून आलेला असतो, आणि तोही वाटेत कापला जाऊन. दहा रुपयांच्या तिकिटामागे तो जाहीर होतो, म्हणून आकडा लहान आणि निरुपद्रवी दिसतो. येथे पंटर क्लबशी खेळत नाही, पंटर पंटरशी खेळतो. क्लब कधीच हरत नाही, कारण तो खेळतच नाही.

आता ती तिकिटे. ‘विन’ म्हणजे आपला घोडा पहिला यावा. ‘प्लेस’ म्हणजे तो पहिल्या काहींत यावा. किती जणांत, हे धावणाऱ्या घोड्यांच्या संख्येवर ठरते. ‘क्विनेला’ म्हणजे पहिले दोन घोडे, क्रम कोणताही. ‘फोरकास्ट’ म्हणजे पहिले दोन, पण नेमक्या क्रमाने. ‘टानाला’ म्हणजे पहिले तीन, नेमक्या क्रमाने. ‘ट्रेबल’ म्हणजे ठरवून दिलेल्या तीन शर्यतींतील तिन्ही विजेते. ‘जॅकपॉट’ म्हणजे पाच शर्यतींतील पाचही विजेते. वरकरणी ही केवळ वाढती चढाओढ वाटते. दहा घोड्यांच्या शर्यतीत मोजून पाहा. विनमध्ये दहा पर्याय. क्विनेलात ४५. फोरकास्टमध्ये ९०. टानालात ७२०. आणि दहा-दहा घोड्यांच्या पाच शर्यतींच्या जॅकपॉटमध्ये एक लाख. प्रत्येक शर्यतीतले तीन-तीन घोडे धरून कोणी जॅकपॉट लावला, तर त्याला २४३ तिकिटांचे पैसे मोजावे लागतात, आणि सर्व घोडे सारखेच मानले तर लाखातले २४३ पर्यायच त्याच्या पदरात असतात. कोणाचाच जॅकपॉट लागला नाही की रक्कम पुढच्या दिवसावर ढकलली जाते आणि तिची जाहिरात ठळक टंकात होते. लोकांच्या हरण्याची एवढी मोठी जाहिरात अन्य कोणत्या व्यवसायात होत असेल, मला ठाऊक नाही.

मनुष्यस्वभावाची एक दुबळी जागा या सगळ्याच्या मुळाशी आहे. १९४९ मध्ये ग्रिफिथ नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने शर्यतींचे निकाल आणि भाव ताडून पाहिले. त्याला दिसले की, जिंकण्याची शक्यता अगदी थोडी असलेल्या घोड्यांवर, ज्यांना ‘लाँगशॉट’ म्हणतात, लोक त्यांच्या योग्यतेपेक्षा जास्त पैसा लावतात. थोड्या पैशांत मोठे स्वप्न विकत मिळते, म्हणून. ज्याची मिळकत बेताची, त्याला हे स्वप्न अधिक ओढते. ‘डार्क हॉर्स’ हा शब्द त्याच स्वप्नाचे नाव आहे. डिझरायलीने १८३१ च्या एका कादंबरीत तो शर्यतीच्या संदर्भात वापरला आणि पुढे राजकारणाने तो पळवला. ज्याच्याविषयी कोणाला काही ठाऊक नाही असा घोडा. पण पंटरच्या कानात तो ‘ज्याच्याविषयी फक्त मला ठाऊक आहे असा घोडा’ असाच वाजतो.

येथे रेसचे समर्थक थांबवतात. ते म्हणतात, तुम्ही सर्व घोडे सारखे मानता, हाच तुमचा अडाणीपणा. आम्ही घोड्याची वंशावळ पाहतो, मागच्या शर्यतींचा तपशील पाहतो, ट्रेनर कोण, जॉकी कोण, पल्ला किती, जमीन ओली की कोरडी हे पाहतो. हा कौशल्याचा खेळ आहे, नशिबाचा नाही. त्यांच्या हाती एक भक्कम कागदही आहे. तामिळनाडू सरकारने १९८६ मध्ये मद्रास रेस क्लब ताब्यात घेण्यासाठी केलेला कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये लक्ष्मणन खटल्यात रद्द ठरवला, आणि घोड्यांची शर्यत हा प्राधान्याने कौशल्याचा खेळ आहे, तीवरील पैज म्हणजे जुगार नव्हे, असा निर्वाळा दिला.

न्यायालयाच्या निर्णयाचा आदर राखूनही त्यातील तर्काशी मतभेद व्यक्त करता येतो. कौशल्य आहे, यात शंका नाही. ते कोणाचे आहे, हा प्रश्न आहे. पहाटे चार वाजता उठून घोडा फिरवणाऱ्या मोतद्दाराचे आहे. ट्रेनरचे आहे. ताशी साठ किलोमीटरच्या वेगात, रिकिबीत उभे राहून, घोड्याचा शेवटचा श्वास कुठे खर्च करायचा हे ठरवणाऱ्या जॉकीचे आहे. पैसे लावणारा त्या कौशल्याचा अंदाज बांधतो. तो अंदाज इतर पंटरपेक्षा सरस असू शकेलही. परंतु टोटचे भांडे वाटण्यापूर्वीच कापले गेलेले असते. उद्या मैदानावरचे सर्वच पंटर पारंगत झाले, तरी भांड्यात जेवढे पडले त्याहून कमीच बाहेर येणार. कौशल्याने वाटणी बदलते. गोळाबेरीज बदलत नाही.

शिवाय ‘हँडिकॅप’ हा शब्द विसरता कामा नये. डर्बीसारख्या मानाच्या शर्यती सोडल्या तर बऱ्याच शर्यती हँडिकॅपच्या असतात. यात प्रत्येक घोड्याला त्याच्या कामगिरीनुसार रेटिंग दिले जाते, आणि जो सरस त्याच्या पाठीवर अधिक वजन. हे वजन ठरवणाऱ्या अधिकाऱ्याचे, म्हणजे हँडिकॅपरचे, ध्येय काय? सर्व घोडे एकाच वेळी अंतिम रेषेवर पोहोचावेत! म्हणजे ज्या ज्ञानाच्या बळावर पंटर निवड करतो, तेच ज्ञान वापरून एक पगारी तज्ज्ञ त्याची निवड निरर्थक करण्यासाठी आठवडाभर खपत असतो. त्यातून जो फरक उरतो त्याची मापे पाहा : लेंग्थ, नेक, हेड, शॉर्ट हेड. घोड्याच्या लांबीपासून सुरुवात होऊन त्याच्या डोक्याच्या अंशापर्यंत. महिन्याचे वाणसामान अनेकदा त्या शॉर्ट हेडवर लावलेले असते.

या वादाचा निकाल आपल्याकडे फार पूर्वी लागला आहे, आणि तो महाभारताच्या वनपर्वात आहे. नळ-दमयंतीच्या कथेतला रघुनाथपंडितांचा हंस आपल्या सर्वांना आठवतो. पुढचा ऋतुपर्ण मात्र फारसा कोणाला आठवत नाही. निषधराज नळ हा अश्वविद्येत अद्वितीय. घोड्याचे अंतरंग त्याच्याइतके कोणालाच कळत नव्हते. तोच नळ पुष्कराशी द्यूत खेळताना राज्य हरला, नेसत्या वस्त्रानिशी वनात गेला. पुढे बाहुक या नावाने तो अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचा सारथी झाला. विदर्भाकडे रथ धावत असताना ऋतुपर्णाने वाटेवरच्या एका बेहड्याच्या झाडाची पाने आणि फळे किती, ते दृष्टिक्षेपात सांगितले. नळाने रथ थांबवून मोजून पाहिले; संख्या बरोबर होती. बेहड्याची फळेच त्या काळी फासे म्हणून वापरली जात, हे येथे ध्यानात घ्यावे. नळाने ती संख्येची विद्या, अक्षहृदय, ऋतुपर्णाकडून घेतली आणि मोबदल्यात त्याला अश्वहृदय देऊ केले. त्यानंतरच तो पुष्कराला हरवू शकला.

व्यासांनी या दोन विद्या वेगळ्या ठेवल्या आहेत. घोडा कळणे वेगळे आणि फासा कळणे वेगळे. पहिली येत असूनही नळ धुळीला मिळाला, कारण दुसरी येत नव्हती. आजच्या मैदानावर वंशावळी पाठ असलेले पंटर अश्वविद्येचे उपासक असतात; अक्षविद्या फळ्यामागे उभ्या असलेल्या माणसाजवळ असते. कौशल्याचा युक्तिवाद पहिलीचे प्रमाणपत्र दाखवून दुसरीत उत्तीर्ण झाल्याचा दावा करतो.

‘कौशल्य’ हा शब्द मैदानापुरता राहिला असता तरी एकवेळ चालले असते. तो राहिला नाही. लक्ष्मणन खटल्यातील तर्काचा आधार पुढे पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या फँटसी क्रिकेटला मिळाला. २०१७ मध्ये पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने त्याच वाटेने जाऊन तो कौशल्याचा खेळ ठरवला. त्यानंतरची काही वर्षे आपण सर्वांनी पाहिली. देशाच्या क्रिकेट संघाच्या छातीवर अशाच एका उद्योगाचे नाव झळकले. कोट्यवधी तरुणांना सांगितले गेले की, हे ‘स्किल’ आहे. अखेर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला, आणि त्यात कौशल्य की नशीब हा भेदच पुसून टाकला. पैसे लावून, पैसे मिळण्याच्या आशेने खेळला जाणारा ऑनलाइन खेळ, मग तो कशाचाही असो, त्या कायद्याच्या कक्षेत येतो. मोबाइलच्या पडद्यावर जे तत्त्व संसदेने नाकारले, ते मैदानाच्या कुंपणाआड मात्र १९९६ प्रमाणेच अबाधित आहे. हा विरोधाभास किती काळ चालू द्यायचा?

कायद्यातील ही दुटप्पी रीत तशी जुनी आहे. मुंबईचा जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ चा. ओट्यावर तीन पत्ती खेळणाऱ्यांना त्या कायद्याने पोलीस उचलून नेतात. त्याच कायद्यातील जुगाराच्या व्याख्येत मात्र एक खिडकी ठेवलेली आहे : शर्यतीच्या दिवशी, मैदानावरील ठरवून दिलेल्या आवारात, परवानाधारकाच्या छत्राखाली घोड्यावर लावलेली पैज ही जुगार नव्हे. १८७२ चा करार कायदा पैजेचे करार निरर्थक मानतो. त्यातही अपवाद कोणाचा? घोड्यांच्या शर्यतीतील विजेत्यासाठी जमवलेल्या, ५०० रुपयांवरच्या बक्षिसाचा. १८७२ मध्ये ५०० रुपये ही कोणाच्या आवाक्यातील रक्कम होती, हे सांगायला नको. गोऱ्या साहेबाचा तो विरंगुळा आणि एतद्देशीयाचा तो गुन्हा, ही विभागणी साहेब गेल्यावरही आपण जपून ठेवली.

आपल्या परंपरेने अशी विभागणी केलेली नाही. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात निर्जीव वस्तूंनी खेळतात ते द्यूत आणि सजीव प्राण्यांवर पण लावतात तो समाह्वय, असे दोन प्रकार सांगून राजाने दोन्ही सारखेच बंद करावेत, असे म्हटले आहे. रेससाठी संस्कृतमध्ये शब्द नाही असे समजणाऱ्यांनी हा शब्द टिपून ठेवावा. कौटिल्य अधिक व्यवहारी. त्याने बंदी घातली नाही. द्यूताध्यक्ष नेमला, खेळ एकाच ठिकाणी व्हावा असे सांगितले, आणि हेतूही लपवला नाही : चोरटी उपजीविका करणारे त्यातून हुडकता यावेत. जिंकलेल्या रकमेतून शासनाने शेकडा पाच घ्यावेत, हे त्याचे मोजमाप. युधिष्ठिरही खेळलाच ना, असे म्हणणाऱ्यांना उत्तर देण्यात अर्थ नाही. त्यांनी सभापर्वाचा शेवट तरी वाचावा.

कौटिल्याचे पाच कोठे आणि आजचे किती? ऑक्टोबर २०२३ मध्ये पैजेच्या पूर्ण रकमेवर २८ टक्के वस्तू व सेवा कराची तरतूद अमलात आली, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो दर ४० टक्के झाला. चैनीच्या आणि हानिकारक गोष्टींसाठी असलेल्या पंक्तीत रेस बसली, हे योग्यच. पण गणित पाहा. कौटिल्य जिंकलेल्यातून घेत होता. येथे लावलेल्या प्रत्येक शंभरावर चाळीस. क्लबवाले म्हणतात, यामुळे पंटर बेकायदा बुकीकडे वळतो. त्यात तथ्य आहे. मात्र त्यावरचा त्यांचा उपाय, कर कमी करा, हा मला मान्य नाही. लोक चोरट्या दुकानात जातात म्हणून परवान्याच्या दुकानातले विष स्वस्त करावे, असा तो युक्तिवाद आहे. दुसरीकडे शासनालाही एक प्रश्न विचारावा लागेल. हानी थांबवण्यासाठी लावलेल्या कराचे उत्पन्न अंदाजपत्रकात गृहीत धरले जाऊ लागले की हानी थांबावी असे वाटणारा तिजोरीत कोण उरतो?

घोडा धावण्याला येथे विरोध नाही. अश्वपालन ही विद्या आहे, पुण्याच्या परिसरातील स्टड फार्मवर तिच्यावर अनेक कुटुंबे जगतात. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राच्या बैलगाडा शर्यतींना मोकळीक दिली, तेव्हा खेड-जुन्नरच्या घाटांत गुलाल उधळला गेला. बैल पळाला, मालकाला बक्षीस मिळाले, गावाचा मान राहिला. तिथेही कोणी आडोशाला पैसे लावत असेल तर तो गुन्हाच आहे आणि गुन्हाच राहावा. शर्यत चालवण्यासाठी प्रेक्षकांचा खिसा कापणे अनिवार्य आहे, असे मानणाऱ्यांनी घाटात एकदा जाऊन यावे.

राहता राहिला आमचा व्यवसाय. लोकसभा निवडणुकीच्या वेळी राजस्थानातील फलोदीच्या सट्टाबाजारात कोणत्या पक्षाचा भाव किती, हे वृत्तपत्रांनी आणि वाहिन्यांनी जनमत चाचणीच्या थाटात सांगितले. जो व्यवहार बेकायदा, त्याचा दर बातमी म्हणून! भाव कमी म्हणजे विजय नक्की, असा अर्थही लावून दिला जातो. भाव म्हणजे बुकीने आपला तोटा टाळण्यासाठी हलवलेला आकडा, हे या लेखातील चार घोड्यांनी दाखवलेच आहे. कांद्याचा भाव छापताना तो भाकीत म्हणून कोणी छापत नाही.

महालक्ष्मीच्या जमिनीचा प्रश्न २०२४ मध्ये बऱ्याच अंशी मार्गी लागला. २११ एकरांपैकी १२० एकर सार्वजनिक उद्यानासाठी महापालिकेकडे आणि ९१ एकर क्लबकडे, २०५३ पर्यंतच्या भाडेपट्ट्याने. म्हणजे आणखी एक पिढी हे शब्द तिथे ऐकणार आहे. तोवर एवढी मागणी तरी करता येते. औषधाच्या वेष्टणावर घटकद्रव्ये छापावी लागतात, सिगारेटच्या पाकिटावर इशारा छापावा लागतो. तसेच प्रत्येक रेसकार्डावर, टोटच्या प्रत्येक खिडकीवर आणि बुकीच्या प्रत्येक फळ्याखाली, जॅकपॉटची रक्कम ज्या आकाराच्या टंकात लिहितात त्याच टंकात, आणि मराठीत, एक आकडा लिहिणे सक्तीचे करावे : लावलेल्या शंभरातून वाटण्याआधी किती कापले जातात, तो.